लाल शाईचा कागद

“नाव लिहायचं नाही,” मी दोनदा सांगितलं. “कुणाचा कागद कुठला, हे कुणालाच कळणार नाही. मलासुद्धा नाही.”

दुपारचे दोन वाजले होते. सकाळची पाळी संपवून निघालेल्या आणि दुपारच्या पाळीला आलेल्या अशा नऊ-दहा सिस्टर्स ड्रेसिंगच्या खोलीत बाकांवर दाटीवाटीनं बसल्या होत्या. कुणाच्या मांडीवर डबा होता, कुणी घड्याळ बघत होतं. मी कागद वाटले तशी सगळ्यांची कुजबुज थांबली.

ते २००९ सालचं, श्रावणातलं. पुण्याला स्वाइन फ्लूनं माणसं दगावायला लागली होती आणि आमचं गाव पुण्यापासून एसटीनं तीन तासांवर. बाजारात बायका रुमालाच्या टोकाला कापूर आणि वेलची बांधून हुंगत फिरायच्या. मी तिथल्या तीस खाटांच्या, ट्रस्टच्या हॉस्पिटलात मेट्रन होते. नोकरीला एकतीस वर्षं झाली होती. आदल्या दिवशी जिल्ह्याच्या गावी एका दिवसाचं प्रशिक्षण घेऊन आले होते. साथ कशी पसरते, मास्क कसा लावायचा, कुणाला जास्त धोका, सगळं सांगितलं आणि निघताना हे कागद हातात ठेवले. नर्सेसची तयारी किती आहे आणि त्यांना काळजी कसली वाटते, हे वरच्यांना कळायला हवं होतं.

प्रश्न तीनच होते. साथ आली तर कामावर याल का? घरी कोण कोण आहे? तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?

“मॅडम, पहिल्याला ‘नाही’ लिहिलं तर नोकरीवरून काढणार का?” एस्तेरनं विचारलं. एस्तेर शिंगारे नगरकडची, मिशनच्या शाळेत शिकलेली. तोंडाला तिच्या कुलूप म्हणून नव्हतं.

“नावच नाही तर काढणार कुणाला?”

“अक्षरावरून काढाल. तुम्हाला काय सांगता येतंय.”

“तुझं अक्षर डॉक्टरांना लागत नाही, मला काय लागणार,” मी म्हटलं. सगळ्या हसल्या. पण त्यानंतर बहुतेकींनी अक्षर मुद्दाम छापील काढलं, हे मला पुढे दिसलं.

प्रशिक्षणात एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती, ती मी तिथंच सांगून टाकली. या तापाचा सगळ्यात मोठा धोका गरोदर बाईला आहे. धडधाकट पोरी चार दिवसांत जातात. “तेव्हा कुणाला दिवस असतील तर आत्ताच सांगा. तिला साथीच्या वॉर्डात घालणार नाही.”

कुणाचा हात वर झाला नाही. व्हायचाही नव्हता. तीन महिने पुरे झाल्याशिवाय आपल्याकडे कुणी सख्ख्या बहिणीला सांगत नाही, तर दहा जणींत हात कोण वर करणार? हे मला कळायला हवं होतं. मी हात वर करायला लावले.

उठताना ललिता माझ्याजवळ आली. ललिता पिसाळ. आठ महिन्यांपूर्वी लागलेली, शेजारच्याच गावातली. कामात नीटनेटकी, बोलायला कमी. तिनं कागदाची घडी केली होती. विचारलं, “हे खरंच वाचतात का, मॅडम?”

“वाचायचे नसते तर मागवले कशाला असते? मनात असेल ते लिही,” मी म्हटलं.

सलाइनच्या रिकाम्या खोक्याला वर चीर पाडून, चिकटपट्टीनं बंद करून ते मी सिस्टर्सच्या खोलीत ठेवलं. रात्रपाळीच्यांनाही सवडीनं भरता यावेत म्हणून तीन दिवसांची मुदत दिली. चौथ्या दिवशी खोकं न उघडता जिल्ह्याला पाठवायचं होतं.

चौथ्या दिवशी मी ते उघडलं.

आज एवढ्या वर्षांनी मी त्याला कारण देऊ शकते. नातेवाइकांसाठी हॉस्पिटलच्या मागे चार खोल्यांची धर्मशाळा होती, ती रिकामी करून तिथं साथीचा वॉर्ड करायचं ठरलं होतं. तिकडच्या चार जणींची यादी संध्याकाळपर्यंत आमच्या मोठ्या डॉक्टरांच्या, वर्तकांच्या टेबलावर द्यायची होती. कोण येईल, कोण ऐनवेळी रजा टाकेल, याचा अंदाज हवा होता. नावं तर नाहीतच, मग वाचलं तर बिघडलं कुठं, असं मी स्वतःला सांगितलं. कात्रीनं चिकटपट्टी कापली आणि खोलीचं दार लावून घेतलं.

चौदा कागद. कुणी लिहिलं होतं, ‘येईन. न येऊन जाणार कुठे?’ एकीला सासूच्या दम्याची काळजी होती. एकीनं लिहिलं होतं, ‘मास्क कमी पडतील आणि पहिल्यांदा डॉक्टरांना मिळतील.’ एका कागदावर तिसऱ्या प्रश्नापुढे एकच शब्द होता, ‘मॅडमची.’ तो कुणाचा ते अक्षर न बघता कळलं. मला हसू आलं.

मग तो कागद आला. तेरा कागद निळ्या शाईतले, हा एकच लाल.

‘येईन. घरी नवरा, सासू. मला दिवस आहेत. अडीच महिने झाले. याआधी दोनदा गेलं. घरचे म्हणतात, पाचवा लागेपर्यंत बाहेर बोलायचं नाही. तिकडची ड्यूटी लागली तर नाही म्हणता येणार नाही. त्याची भीती वाटते.’

अक्षर छापील, कुणाचंही असू शकेल असं. पण शाई लाल होती.

आमच्याकडे नियम होता. दिवसा रुग्णाची नोंद निळ्या शाईनं करायची, रात्री लालनं. म्हणजे नंतर बघणाऱ्याला ताप रात्री चढला की दिवसा, हे पान उघडताच कळायचं. लाल पेन रात्रपाळीच्या टेबलाला दोऱ्यानं बांधलेलं असायचं. कुणी घरी नेऊ नये म्हणून तो दोरा मीच बांधला होता. हा कागद त्या टेबलावर, रात्री, त्या पेनानं लिहिलेला होता.

मी ड्यूटीची यादी काढली. त्या आठवड्यात रात्रपाळीला दोघी होत्या. एक वत्सलाबाई जगताप, वय पंचावन्न, नातू शाळेत जाणारा. दुसरी एस्तेर.

दोन वर्षांपूर्वी दोन सिस्टर्सनी आपापसात ड्यूटी बदलली होती आणि घोटाळा होऊन एका रात्री वॉर्डात कुणीच आलं नव्हतं. तेव्हापासून मी परस्पर बदलायला सक्त बंदी केली होती. माझी यादी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं सगळ्या म्हणायच्या, आणि मला ते ऐकायला आवडायचं.

एस्तेरच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. तिला त्यावरून टोमणे बसायचे आणि ती ते हसण्यावारी न्यायची. गेल्या वर्षी कावीळ म्हणून तिनं महिनाभर रजा घेतली होती. परत आली तेव्हा डोळे काही पिवळे नव्हते. कागदातलं ‘दोनदा गेलं’ वाचल्यावर मला ती रजा आठवली आणि सगळं जुळलं. एवढी बडबडी पोर, आणि हे पोटात ठेवून वावरतेय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

शाईवरून दुसऱ्या कुणीही ओळखलं असतं, म्हणून तो कागद मी बाजूला काढला. खोक्याला नवी चिकटपट्टी लावली आणि तेराच कागद जिल्ह्याला पाठवले.

संध्याकाळी हॉस्पिटलच्या चौकात सगळ्यांना उभं करून विचारलं, साथीच्या वॉर्डात स्वतःहून कोण येतंय? चार हात वर झाले. पहिला एस्तेरचा. मी तिच्याकडे बघितलं आणि मनात म्हटलं, वेडी आहेस का गं. तिघींची नावं लिहून घेतली, तिचं नाही.

“मॅडम, माझा हात दिसला नाही का?”

“दिसला.”

“मग?”

“तू बायकांच्या वॉर्डात राहायचंस.”

“मी काय काचेची आहे?”

कुणीतरी खुदकन हसलं. मी हसले नाही. चौथं नाव हवं होतं. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांना घालायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं. त्या हिशेबानं एकच नाव पुढे येत होतं.

“ललिता, तू,” मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. नजरेत राग नव्हता. काहीतरी ताडून बघत असल्यासारखी ती बघत होती. मग विचारलं, “मीच का, मॅडम?”

“तुझ्या घरी लहान मूल नाही म्हणून. आणि ज्यांना मी पाठवत नाही, त्यांची कारणं मला माहीत आहेत.”

“तुम्हाला सगळ्यांचं माहीत आहे?”

“सगळ्यांचं.”

तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, “बरं.”

गरोदर कुणी आहे का, हे त्या संध्याकाळी मी पुन्हा विचारलं नाही. मला माहीत होतं ना.

पहिले तीन दिवस धर्मशाळेत कुणी आलं नाही. खोल्या धुऊन, खाटा लावून पोरी वाट बघत बसायच्या. चौथ्या दिवशी पुण्याहून आलेला एक टेम्पोवाला दाखल झाला, पाचव्या दिवशी त्याची बायको, मग कॉलेजातली एक मुलगी, मग एकदम सात जण. चौघींना मिळून बाराच चांगले मास्क मिळाले होते. एक मास्क चार-चार दिवस वापरायचा आणि पाळी संपली की कागदी पिशवीत घालून खिळ्याला अडकवायचा, असं ठरलं. प्रत्येकीच्या पिशवीवर तिचं नाव. मी रोज सकाळी तिथं जायचे आणि चार खिळ्यांवरच्या पिशव्या मोजायचे. का मोजायचे, माहीत नाही. गावात रस्त्यावर माणूस कमी दिसायला लागला होता. आमच्या सिस्टर्सना रिक्षावाले बसवून घेत नव्हते. एकीच्या घरमालकानं तिला वरच्या नळाला हात लावू नको म्हणून सांगितलं.

इकडे मी एस्तेरला जपत होते. जड पेशंट उचलायला लागणार नाहीत असं काम तिला द्यायचे. स्वयंपाकघरात सांगून रोज अकरा वाजता तिच्यासाठी पेलाभर दूध पाठवायचे. स्वयंपाकघरातल्या हौसामावशी ते नेऊन द्यायच्या. एस्तेर पहिल्या दिवशी म्हणाली, “काय हो मावशी, मला कोणता रोग झालाय?” मावशी म्हणाल्या, मेट्रनबाईंचा हुकूम आहे, गुमान प्या. ती प्यायली.

एकदा मी तिला एकटीला गाठून विचारलं, “एस्तेर, मला काही सांगायचंय का?”

“सांगायचंय की. पगार वाढवा.”

काय धीराची पोर आहे, असं मला वाटलं.

अकराव्या दिवशी सकाळी ललिताची पिशवी खिळ्याला नव्हती. तिची पाळी दुपारची होती. आत गेले तर ती तिसऱ्या खोलीतल्या खाटेवर पडली होती, गणवेशातच. आदल्या दिवशीपासून ताप होता. पाळी कुणावर टाकायची म्हणून तिनं गोळी घेऊन काम केलं होतं आणि घरी गेलीच नव्हती. श्वास घेताना तिचे खांदे वर उचलले जात होते. नखं मी बघितली. निळसर होती.

डॉक्टर वर्तक आत गेले. मी आणि बातमी ऐकून धावत आलेली एस्तेर बाहेरच्या ओट्यावर उभ्या राहिलो. दहा मिनिटांनी ते मास्क खाली ओढत बाहेर आले आणि मला म्हणाले,

“मिसाळ सिस्टर, ही मुलगी गरोदर आहे. तिसरा संपत आलाय. तुम्हाला माहीत नव्हतं?”

“नाही,” मी म्हटलं.

ते खरंच होतं. म्हणताना मी एस्तेरकडे बघत होते, अजून काही न कळल्यासारखी. एकाच वेळी दोघींना? असं काहीतरी माझ्या डोक्यात चाललं होतं.

डॉक्टर अँब्युलन्सला फोन करायला गेले. एस्तेर भिंतीला टेकली.

“तरीच,” ती हळूच म्हणाली. “मॅडम, रागवू नका. त्या आठवड्यात रात्रपाळी तिनं केली. माझी होती, तिनं मागून घेतली. म्हणाली, पित्त झालंय, सकाळी स्वयंपाकघरातल्या फोडणीचा वास सोसत नाही. तुम्ही नऊला यायच्या, तोवर ती घरी गेलेली असायची. हजेरीवर ती माझी सही करायची, मी तिची. दिवसा मी दिसायचे, ते साथीच्या तयारीसाठी जादा थांबलेय असं तुम्हाला वाटलं असेल. मला वाटलं, पित्तच आहे. मला सांगितलं असतं तर मी…”

ती बोलत होती आणि मला टेबलाला बांधलेला दोरा दिसत होता. त्या पेनापाशी बसलेली ललिता दिसत होती. त्या सगळ्या रात्री. माझ्या यादीतल्या नावाखाली.

तेवढ्यात हौसामावशी अंगण ओलांडून आल्या. अकरा वाजले होते. त्यांच्या हातात दुधाचा पेला होता.

“इथं हायसा व्हय,” त्या एस्तेरला म्हणाल्या. “समद्या वॉर्डात हुडकलं. घ्या, निवतंय.”

एस्तेरनं पेला हातात घेतला. दुधाकडे बघितलं. मग माझ्याकडे. हुशार होती ती. तिचा चेहरा कसा बदलत गेला, ते मी पाहिलं. चौकातला तिचा वर केलेला हात, बायकांचा वॉर्ड, हलकी कामं, मी एकटीला गाठून विचारलेलं, सगळं तिच्या चेहऱ्यावरून एकेक करून गेलं.

“हे दूध कुणाचं होतं, मॅडम?” तिनं विचारलं.

तिनं पेला ओट्यावर ठेवला आणि निघून गेली.

मी मास्क लावला आणि आत गेले. ललिता ऑक्सिजनवर होती. मला बघून तिनं नळी बाजूला करायचा प्रयत्न केला. मी तिचा हात धरला. हात भाजत होता.

“मी लिहिलं होतं, मॅडम,” ती म्हणाली. “त्या कागदावर.”

“बोलू नको.”

“तुम्ही म्हणालात, वाचतात. म्हणून लिहिलं. घरी न सांगता लिहिलं.” ती थांबली, श्वास जमवला. “मग तुम्ही नाव घेतलं. म्हणालात, सगळ्यांचं माहीत आहे. मला वाटलं, वाचलंय. वाचूनच घातलंय.”

म्हणजे अकरा दिवस ही पोर हे मनात धरून तिथं राबली होती. आपलं सगळं यांना ठाऊक आहे आणि तरी आपल्याला पाठवलंय. वरिष्ठांनी वाचून ठरवल्यावर पुन्हा काय बोलायचं, म्हणून ती गप्प राहिली होती.

मला खरं सांगता आलं असतं. मी वाचलं, चोरून वाचलं, आणि तुझ्याऐवजी दुसरीला वाचवत बसले. दोन वाक्यं होती.

“खोकं उघडलंच नाही, ललिता,” मी म्हटलं. “तसंच बंद गेलं जिल्ह्याला. तिथं पडून असेल. कुणीसुद्धा वाचलेलं नाही.”

ती माझ्याकडे बघत राहिली, त्या संध्याकाळी बघितलं होतं तशीच. मग तिच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या.

“कुणीच नाही?”

“कुणीच नाही.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली आणि डोळे मिटले.

पुण्याला ती सतरा दिवस होती. त्यातले नऊ दिवस यंत्रावर. तिसऱ्या दिवशी पोटातलं गेलं. ती वाचली. डॉक्टर वर्तक म्हणाले, नशीब. एस्तेर माझ्याशी कामापुरतं बोलत राहिली. तोंड तिचं पहिल्यासारखंच चालायचं, पण मी खोलीत गेले की थांबायचं. तिनं हे कुणालाही सांगितलं नाही. तिनं सांगावं, अशी मी किती दिवस वाट बघितली. अकराचं दूध मी बंद केलं नव्हतं, माझ्या तोंडून ते निघेना. मावशी रोज नेऊन ठेवायच्या आणि ते रोज तसंच परत यायचं. गणपती गेल्यावर कधीतरी मावशींनीच आणायचं थांबवलं.

दिवाळीच्या आधी ललिता राजीनामा द्यायला आली. बरोबर नवरा होता, तो दाराबाहेर चपला न काढता उभा राहिला. तिचे केस खूप गळले होते. माझ्यासमोरच्या खुर्चीवर ती अगदी काठाशी बसली. घरच्यांना आता नोकरी नको आहे, म्हणाली. मी म्हटलं, विचार कर, तुझं काम चांगलं आहे. ती नुसती हसली.

“एक सांगायचं होतं,” ती म्हणाली. “घरी सगळे तुम्हाला बोलतात. सासूबाई तर फारच. मी त्यांना सांगते, मॅडमना माहीतच नव्हतं. कागद बंद होता. त्यांनी वाचला असता तर मला कधी पाठवलंच नसतं.”

बाहेर तिचा नवरा खाकरला.

“सही कुठं करायची?” तिनं विचारलं.

तिच्याजवळ पेन नव्हतं. माझं टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होतं. त्याच ड्रॉवरमध्ये, पाठीमागे, घडी घातलेला तो कागद होता. मी ड्रॉवर चार बोटं उघडला, चाचपून निळं पेन काढलं आणि लावून टाकला. तिनं छापील नव्हे, आपल्या खऱ्या अक्षरात सही केली. फार सुंदर अक्षर होतं तिचं. मी ते त्याआधी कधी नीट पाहिलं नव्हतं.